संग्रहालयाच्या नोंदवहीत प्रेक्षकाचेही तापमान हवे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

एका ऐतिहासिक वास्तूत थाटलेल्या संग्रहालयात, वरच्या मजल्यावरील चित्रदालनात अर्धा तास काढल्यावर मला इतके घुसमटल्यासारखे झाले, की खाली येऊन मी अभिप्रायाच्या वहीत तसे स्पष्ट लिहिले. तेथील अधिकाऱ्यांनी माझे म्हणणे सौजन्याने ऐकून घेतले आणि त्या दालनाची त्या तासाची नोंद माझ्यासमोर ठेवली: तापमान २४ अंश, सापेक्ष आर्द्रता ५२ टक्के. त्यांची नोंद खोटी नव्हती आणि माझी तक्रारही खोटी नव्हती. त्यांचे यंत्र सावलीतल्या जाड भिंतीवर, एका जुन्या तैलचित्राशेजारी लावलेले होते आणि मी दालनाच्या मधोमध, दुपारच्या उन्हाने तापलेल्या काचेच्या छताखाली उभा होतो. जुन्या वास्तूंची संग्रहालये करताना चित्राच्या जागेचे तापमान मोजले जाते, माणूस उभा राहतो त्या जागेचे मोजले जात नाही, याकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे वास्तुरचनाकारांचे, संवर्धकांचे आणि संग्रहालये चालवणाऱ्यांचे लक्ष वेधावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

जगातली कितीतरी नामवंत संग्रहालये मुळात संग्रहालये म्हणून बांधलेली नाहीत. फ्लोरेन्सच्या उफिझीचे बांधकाम १५६० मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठी सुरू झाले. पॅरिसचा लूव्र हा राजवाडा १७९३ मध्ये सार्वजनिक संग्रहालय म्हणून उघडला. त्याच शहरातले ऑर्से संग्रहालय १९०० साली सुरू झालेल्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत १९८६ पासून आहे आणि लंडनचे टेट मॉडर्न २००० साली एका बंद पडलेल्या वीजनिर्मिती केंद्रात उघडले. या इमारती ज्यांच्यासाठी उभ्या राहिल्या ती माणसे तिथे काय करीत होती आणि अंगावर काय घालून वावरत होती, हा प्रश्न रूपांतराच्या वेळी सहसा कोणी विचारत नाही. स्थानकाच्या उंच कमानीखालून प्रवासी अंगात कोट घालून, सामान उचलून, लगबगीने जात. तिथे कोणी एका जागी दहा मिनिटे स्तब्ध उभे राहून भिंतीकडे पाहत नसे. थंड मुलखातल्या राजवाड्यांत माणसे एकावर एक वस्त्रे चढवून बसत, शेकोटीजवळ आसने ओढत, पलंगांना पडदे लावत आणि दगडी भिंतींवर चित्रे विणलेले जाड कापडी पट (टॅपेस्ट्री) टांगत. ते पट शोभेचे तर होतेच, पण थंड दगड आणि उबदार शरीर यांच्यामध्ये आडोसाही तेच करीत. संग्रहालय झाल्यावर ते उतरवून काचेआड जातात, भिंत उघडी पडते, आणि त्या उघड्या भिंतीसमोर पातळ कपड्यांतला प्रेक्षक उभा राहतो.

उष्ण हवामानातल्या इमारतींची कथा याच्या उलट आहे, पण परिणाम तोच. जाड भिंती, उंच छते, सावलीचे व्हरांडे, समोरासमोर काढलेल्या खिडक्या आणि छताजवळचे झरोके ही सगळी मिळून एकच व्यवस्था असते. दिवसा झडपा मिटायच्या, रात्री उघडायच्या, म्हणजे रात्रीच्या गार हवेने भिंतींमधली उष्णता ओढली जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच भिंती खोलीतली उष्णता शोषून घेतात. दीड-दोन फूट जाडीच्या दगडी किंवा विटांच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोहोचायला दहा-बारा तास सहज लागतात. दुपारचे ऊन आत जाणवते ते रात्री, आणि रात्री तर खिडक्या उघड्याच असतात. संग्रहालय झाल्यावर हे सगळे मोडते. चोरीच्या भीतीने खिडक्या रात्री बंद होतात, धुळीच्या भीतीने दिवसाही बंद राहतात. कागद आणि कापड यांच्यासाठी प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास ठेवायचा म्हणून खिडक्यांसमोर लाकडी फळ्या उभ्या राहतात आणि झरोक्यांना काच बसते. ज्या इमारतीला श्वास घेता येत होता तिचे नाकतोंड आपणच दाबतो आणि मग ती कोंदट आहे अशी तक्रार करून यंत्रे मागवतो.

त्यात माणसांची भर पडते. सावकाश उभी-चालती प्रौढ व्यक्ती साधारण १०० वॅट किंवा त्याहून थोडी अधिक उष्णता बाहेर टाकते आणि श्वास व घाम यांतून तासाला ५० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफही सोडते. म्हणजे चाळीस जणांचा गट एखाद्या दालनात मार्गदर्शकाचे बोलणे ऐकत उभा राहिला, तर एक-एक किलोवॅटच्या चार शेगड्या पेटवल्यासारखे होते आणि तासाभरात दोनेक लिटर पाणी हवेत मिसळते. पावसाळी दिवसात ओल्या छत्र्या आणि भिजलेले कपडे आत आले तर आणखी. ज्या खोलीत पूर्वी दोन-तीन माणसे असत तिथे हे रोज घडते. इटलीतील पादुआच्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये चित्रकार जोत्तोची भित्तिचित्रे वाचवण्यासाठी प्रेक्षकांना पंचविसांच्या गटाने आधी एका बंद कक्षात पंधरा मिनिटे बसवतात आणि मगच आत सोडतात. ही व्यवस्था चित्रांसाठी आहे, हे उघड आहे. पण त्या पंधरा मिनिटांत बाहेरून दमून आलेल्या माणसाची धाप आणि घामही बसतो, हा त्यातला न योजलेला लाभ मला फार मोलाचा वाटतो.

आता माझ्या २४ अंशांकडे येतो. माणसाला किती गरम किंवा गार वाटते हे हवेच्या तापमानावर एकट्यावर ठरत नाही. डेन्मार्कचे अभियंते फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानकांचा पाया झालेल्या पद्धतीत सहा गोष्टी धरल्या जातात: हवेचे तापमान, सभोवतालच्या पृष्ठभागांकडून येणारी प्रारणाची उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. यांतली दुसरी गोष्ट आपण सर्रास विसरतो, आणि जुन्या वास्तूंमध्ये नेमकी तीच सर्वांत बलवान असते. हवा जवळजवळ स्थिर असेल, तर शरीराला जाणवणारे तापमान हे हवेचे तापमान आणि सभोवतालच्या पृष्ठभागांचे सरासरी तापमान यांच्या साधारण मध्यावर येते. हिवाळ्यात खोलीतली हवा यंत्राने २० अंशांवर आणली आणि दगडी भिंती व फरशी १२ अंशांवरच राहिल्या, तर प्रेक्षकाला ती खोली १६ अंशांची वाटणार. त्याला हुडहुडी भरेल आणि भिंतीवरचा तापमापक मात्र सर्व काही ठीक असल्याचे सांगत राहील. याच नियमाची उजळ बाजू अशी, की उन्हाळ्यात हवा ३० अंशांची असली आणि जाड भिंती २५ अंशांवर राहिल्या, तर माणसाला साडेसत्तावीस अंशांसारखे वाटते. जुन्या इमारतीत पाऊल टाकताच जो गारवा जाणवतो, तो मुख्यतः भिंतींचा असतो.

उष्णता कोणत्या दिशेने येते यालाही महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या (आयएसओ) ७७३० क्रमांकाच्या मानकात सोसण्याजोग्या विषमतेच्या, म्हणजे विरुद्ध बाजूंकडून येणाऱ्या उष्णतेतील फरकाच्या, मर्यादा दिल्या आहेत. एका बाजूची भिंत गरम असेल तर सुमारे २३ अंशांपर्यंतचा फरक माणसे चालवून घेतात, पण डोक्यावरचे छत गरम असेल तर ५ अंशांपलीकडचा फरक त्यांना सोसत नाही. डोक्यावरची उष्णता माणसाला विशेष छळते, हे उन्हात पत्र्याच्या छपराखाली उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. नैसर्गिक प्रकाशासाठी काचेची छते असलेली जुनी चित्रदालने दुपारी असह्य का होतात, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. अशा वेळी हवेचे तापमान आणखी दोन अंशांनी खाली आणणे म्हणजे पायाला गारठा आणि डोक्याला ताप अशी अवस्था करून ठेवणे होय. डोके आणि घोटे यांच्या पातळीवरील हवेत तीन अंशांहून जास्त अंतर नसावे, असेही मानक सांगते. उंच दालनांत गरम हवा वर चढून बसत असल्याने ही अट वारंवार मोडते आणि वरच्या सज्जात गेलेला प्रेक्षक तिथला मजकूर न वाचताच खाली उतरतो. उपाय छतावर आहे, म्हणजे काचेच्या बाहेरच्या बाजूने सावली करणे आणि छताजवळ साठलेल्या गरम हवेला बाहेर जायला वाट ठेवणे. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन चुकलेले असते आणि तापलेला पडदा स्वतःच डोक्यावरची शेगडी होतो.

फँगर यांच्या पद्धतीबद्दलही एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. त्यांचे निष्कर्ष मुख्यतः तरुण विद्यार्थ्यांना बंद कक्षात तासन्तास, ठरावीक कपड्यांत, बैठ्या स्थितीत ठेवून काढलेले आहेत. कचेरीत काम करणाऱ्या माणसाला ते बऱ्यापैकी लागू पडतात. संग्रहालयातला प्रेक्षक यांपैकी काहीच करीत नाही. तो रस्त्यावरून चालत येतो आणि त्याच्या शरीरात चालण्याची ऊब शिल्लक असते. पहिल्या दालनात त्याला गारवा हवासा वाटतो, चौथ्या दालनापर्यंत तोच गारवा बोचू लागतो, कारण तोवर त्याची चाल मंदावलेली असते आणि पाय दुखत असतात. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले, की एखादा स्पर्श सुखद वाटणे हे शरीराच्या त्या क्षणीच्या गरजेवर अवलंबून असते. तापलेल्या माणसाला गार स्पर्श आनंद देतो, गारठलेल्याला तोच नकोसा होतो. याचा सरळ अर्थ असा, की सबंध इमारतभर एकच तापमान राखण्याचा अट्टहास प्रेक्षकासाठी तरी निरर्थक आहे. प्रवेशाजवळची दालने अधिक गार, मधली मध्यम आणि बसून पाहण्याची दालने किंचित उबदार असा क्रम लावता आला, तर कमी ऊर्जेत जास्त माणसे सुखी होतील. जुन्या वास्तूंमध्ये व्हरांडा, देवडी, चौक, ओसरी असे टप्पे बहुधा आधीपासूनच असतात. तिथे तिकीटखिडकी आणि विक्रीचे दुकान कोंबण्याआधी त्यांचा हा उपयोग ध्यानात घ्यावा.

मग एकच तापमान, एकच आर्द्रता हा आग्रह आला कुठून? दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रे वेल्समधील मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवली होती. तिथल्या स्थिर हवेत चित्रांचे पोपडे सुटणे जवळजवळ थांबले आणि युद्धानंतर लंडनला परतल्यावर तो त्रास पुन्हा सुरू झाला. स्थैर्याचे महत्त्व त्यातून संवर्धकांच्या मनावर ठसले, आणि ते योग्यच होते. पण पुढे त्या स्थैर्याला जी काटेकोर मर्यादा चिकटली तिच्याबद्दल ब्रिटिश संवर्धनशास्त्रज्ञ गॅरी थॉमसन यांनी १९७८ मध्येच कबुली दिली होती, की आर्द्रतेत चार-पाच टक्क्यांच्या चढउताराची अट ही वस्तूंवरील परिणामांच्या सखोल ज्ञानापेक्षा यंत्रांना काय जमते यावर अधिक बेतलेली आहे. आज तर मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो गटानेही बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता अशी सैल चौकट मान्य केली आहे. युरोपातील २०१० चे १५७५७ क्रमांकाचे मानक तर वस्तू ज्या हवामानात वर्षानुवर्षे टिकून राहिली त्यालाच तिच्यासाठी प्रमाण मानण्याची दिशा दाखवते. अर्थात नाजूक वस्तूंना आजही कडक पथ्य लागते. पण सबंध इमारतीला ते पथ्य लावण्याचे कारण उरलेले नाही.

इथे माझा मुख्य आग्रह आहे. वस्तूचे हवामान आणि माणसाचे हवामान वेगळे करावे. ज्या वस्तूला कडक पथ्य हवे तिला घट्ट बंद काचपेटीत ठेवून, आत सिलिका जेलसारखा ओलावा सांभाळणारा पदार्थ ठेवला, तर पेटीतले हवामान खोलीतल्या रोजच्या चढउतारापासून बरेचसे अलिप्त राहते. मग खोली माणसांसाठी मोकळी होते. खिडक्या काही वेळ उघडता येतात, छताचा पंखा चालवता येतो. सेकंदाला पाऊण मीटर वेगाचा वारा अंगावर असेल, तर अडीच-तीन अंश जास्त तापमान माणसे विनातक्रार सोसतात, आणि तेवढ्या फरकासाठी यंत्राने हवा गार करण्याचा खर्च पंख्याच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो. उघड्यावर ठेवलेल्या कापडाजवळ किंवा सुट्या कागदांच्या दालनात पंखा अर्थातच नको. शिवाय मोकळ्या हवेत राहणारी माणसे बाहेरच्या ऋतूप्रमाणे आपली अपेक्षा बदलतात, हे डी डिअर आणि ब्रेगर या संशोधकांनी १९९८ मध्ये जगभरच्या इमारतींतील नोंदींवरून दाखवून दिले. त्यावर आधारलेल्या अमेरिकी मानकातील सूत्रानुसार बाहेरचे सरासरी तापमान ३० अंश असेल, तर नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीत सुखद तापमान २७ अंशांच्या आसपास येते आणि साडेतीन अंशांपर्यंतचा फरक दर शंभरात ऐंशी जणांना चालतो. हे सूत्र खिडकी स्वतः उघडू शकणाऱ्यांसाठी आहे आणि प्रेक्षकाला खिडकीला हात लावता येत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र त्याला जागा बदलता येते, बाक असेल तर बसता येते, आणि सामानकक्षात कोट काढून ठेवता येतो. नुसता एक कोट उतरवला तरी सुखद तापमान सुमारे दोन अंशांनी वर सरकते. सामानकक्ष आणि बाक ही हवामान-नियंत्रणाची साधने आहेत असे मी म्हटले तर अभियंते हसतील, पण हिशेब करून पाहावा.

याउलट, जुन्या इमारतीला सरसकट वातानुकूलन बसवल्याने होणारे नुकसान फारसे चर्चेत येत नाही. चुन्यात बांधलेली भिंत ओलावा घेते आणि सोडते. आत गार कोरडी हवा आणि बाहेर उष्ण दमट हवा अशी स्थिती कायमची झाली, की भिंतीच्या आत कुठेतरी ते पाणी द्रवरूप होते, क्षार विरघळतात, पृष्ठभागाजवळ येऊन स्फटिक होतात आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. थंड प्रदेशात उलटे होते. प्रेक्षकांसाठी उष्णता वाढवली की हवा कोरडी पडते आणि लाकडी तक्तपोशीला भेगा जातात. म्हणूनच वारसावास्तू जपणारी ब्रिटनमधील संस्था नॅशनल ट्रस्ट आपल्या अनेक जुन्या घरांत तापमानापेक्षा आर्द्रतेवर लक्ष ठेवून मोजकीच ऊब देते. वस्तूंना ते मानवते, प्रेक्षकाला मात्र तिथे कोट अंगावर ठेवावा लागतो. मला त्यात काही गैर वाटत नाही. फक्त प्रवेशद्वारावर तसे लिहून ठेवावे, म्हणजे माणूस तयारीने आत जाईल. अनपेक्षित थंडी जितकी बोचते तितकी सांगून आलेली बोचत नाही.

शेवटी त्या व्यक्तीबद्दल, जिचा उल्लेख कोणत्याही अहवालात मी वाचलेला नाही. प्रेक्षक तासाभरात निघून जातो. दालनाचा रखवालदार मात्र दिवसभर तिथेच असतो, तोही जवळजवळ हालचाल न करता आणि ठरवून दिलेल्या गणवेशात. मी कोणत्याही जुन्या वास्तूतल्या संग्रहालयात गेलो की रखवालदाराचे स्टूल कुठे ठेवले आहे ते पाहतो. उन्हाळ्यात ते दोन दारांच्या रेषेत, वाऱ्याच्या वाटेवर असते, हिवाळ्यात आतल्या कोपऱ्यात सरकते, आणि काचेच्या छताखाली कधीच नसते. त्या खोलीचे हवामान जाणणारा त्याच्याइतका माहितगार दुसरा नाही, आणि रूपांतराचा आराखडा करताना त्याला कोणी एक प्रश्नही विचारत नाही.

माझी विनंती छोटी आहे. प्रत्येक दालनात चित्राशेजारच्या यंत्राखेरीज आणखी एक साधे यंत्र प्रेक्षक उभा राहतो त्या जागेजवळ, छातीच्या उंचीवर ठेवावे. काळ्या रंगाच्या पोकळ गोलकात बसवलेला तापमापक हवेबरोबर भिंतींची आणि छताचीही उष्णता मोजतो, आणि तो महाग नसतो. संशोधकांनी टेबल टेनिसचा चेंडू रंगवूनसुद्धा हे काम भागवले आहे. सबंध वर्षाच्या नोंदी हातात येईपर्यंत नवी यंत्रसामग्री बसवण्याचा निर्णय घेऊ नये, आणि त्या नोंदींशेजारी रखवालदाराने स्टूल कोणत्या महिन्यात कुठे हलवले तेही लिहून ठेवावे.

कळावे,

आपला,
एक संग्रहालयप्रेमी वाचक